केरी, पण कुठली केरी? घरभेटीच्या पथकाने रुग्णांच्या घरांचे नकाशा-दुवे कसे बांधले

पार्श्वभूमी

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणारं एक छोटं पथक आहे. दोन परिचारिका, एक फिजिओथेरपिस्ट, दोन गाड्या आणि जमेल तसा वेळ देणारे आठ-दहा स्वयंसेवक. जखमा धुणं, लघवीची नळी बदलणं, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून घरच्यांना कूस बदलायला शिकवणं, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पोचवणं आणि गरज संपली की परत आणणं, अशी कामं. हे प्रकरण सुरू झालं २०२५ च्या पावसाळ्यात. तेव्हा यादीत ४६ घरं होती. बहुतेक फोंड्यातली, काही सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतली. रुग्ण आणि पथक ओळखू येऊ नयेत म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. गावांची नावं आणि कोडांचं गणित मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे, कारण सगळी गोम त्यातच आहे.

गोव्यात पत्ता म्हणजे गाव, वाडा, घरक्रमांक आणि एखादी खूण. घरक्रमांक पंचायतीच्या नोंदीतला. तो शेजारच्या घराच्या क्रमांकाला लागून येईलच असं नाही, त्यामुळे दारावरचे आकडे वाचत पुढे सरकून घर सापडत नाही. देऊळवाडा, गावकरवाडा, मधला वाडा ही नावं गावोगाव आहेत. रोमन पाट्यांवर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग: डिचोलीची पाटी ‘बी’ने सुरू होते, केप्याची ‘क्यू’ने. नकाशात ऐकल्याप्रमाणे टाइप केलं तर भलतंच गाव पुढे येतं किंवा काहीच येत नाही. पिन कोडचा उपयोग टपाल कार्यालयापुरता, कारण एका पिनखाली कित्येक गावं असतात.

अडचण

एका संध्याकाळी एका रुग्णाची नळी तुंबली. मुलीचा फोन आला. पथकाच्या व्हॉट्सॲप गटावर संदेश पडला: ‘केरी, देवळाजवळ, निळं गेट, अर्जंट.’ त्या दिवशी ड्युटीवर असलेला स्वयंसेवक फोंड्याचा. त्याच्यासाठी केरी म्हणजे विजयादुर्गेची केरी. तो तिथे गेला. देवळाजवळ निळं गेटही सापडलं, फक्त घर दुसऱ्याचं होतं. रुग्ण होता सत्तरीतल्या केरीला, अंजुणे धरणाच्या बाजूच्या, आजोबांच्या देवळाच्या केरीला. तिसरी केरी पेडण्यात आहे, तेरेखोलच्या मुखाशी, जिथून फेरीबोट सुटते. परिचारिका पोचेपर्यंत सव्वा तास वाया गेला होता आणि तोवर रुग्ण वेदनेने घामाघूम झाला होता. जीव वाचला, पण तेवढ्यावर समाधान मानणं पथकाला पटलं नाही.

त्यानंतर मागच्या तीन महिन्यांतल्या चुकलेल्या फेऱ्या एका वहीत मांडल्या गेल्या. चुका चार जातीच्या निघाल्या. पहिली, सारख्या नावांची. दुसरी, ‘लोकेशन पाठवा’ म्हटल्यावर एका रुग्णाच्या मुलाने ते वेर्ण्याला कामावर बसून पाठवलं. व्हॉट्सॲपने त्याचं स्वतःचं ठिकाण पाठवलं आणि गाडी वेर्ण्याच्या रस्त्याला लागली. तिसरी, नकाशाचा दुवा बरोबर, पण घर कुळागरात, म्हणजे सुपारी-माडांच्या बागेत, व्हाळाच्या (ओढ्याच्या) पलीकडे. नकाशाने सर्वांत जवळचा रस्ता धरला तो व्हाळाच्या चुकीच्या काठावरचा, आणि साकव तिथून अर्धा किलोमीटर खाली. चौथी, दुवा गटात कुठेतरी वर गेलेला, रेंज नाही, उघडतच नाही.

चारही जातींवर एकच औषध आहे असं सुरुवातीला वाटलं होतं: सगळ्यांनी एक चांगला छोटा कोड वापरावा. ते अर्धंच खरं निघालं.

कोणते पर्याय तोलले

पहिला प्रश्न मूळचा होता: दुव्यातच जागा असावी, की दुवा म्हणजे दुसऱ्याच्या वहीतला नुसता क्रमांक?

गूगल मॅप्समध्ये ‘शेअर’ दाबलं की जो आखूड दुवा मिळतो तो दुसऱ्या प्रकारचा. त्या अक्षरांतून जागा काढता येत नाही. फोन सर्व्हरला विचारतो, सर्व्हर आपल्या तक्त्यात बघून पूर्ण पत्ता देतो. रेंज नसेल तर ती अक्षरं मुकी. शिवाय तक्ता दुसऱ्याच्या हातात. गूगलने आपली जुनी दुवे आखूड करण्याची सेवा बंद करायचं २०१८ मध्ये जाहीर केलं, ३० मार्च २०१९ पासून तिथे नवे दुवे बनणं थांबलं, पुढे जुने दुवे २५ ऑगस्ट २०२५ ला बंद होतील असंही सांगितलं, आणि तारीख तोंडावर आल्यावर वापरात असलेले दुवे चालू ठेवायचं ठरवलं. नकाशाचे दुवे त्या निर्णयात नव्हते. पण रुग्णाच्या दारामागे पाच वर्षं राहणारं कार्ड अशा तक्त्यावर टांगावं का, याचं उत्तर पथकाला त्यातून मिळालं.

पहिल्या प्रकारात जागा अक्षरांतच असते. अक्षांश-रेखांश एका ठरलेल्या गणिताने अक्षरांत बसवायचे आणि त्याच गणिताने सोडवायचे. सर्व्हर लागत नाही. फरक नीट दिसावा म्हणून पथकाने उसगावच्या बाजूचा एक नुसता नमुन्याचा बिंदू घेतला, अक्षांश १५.४३६८, रेखांश ७४.०७१३, आणि तो चार तऱ्हांनी लिहून फोनवर एकमेकांना वाचून दाखवला.

ओपनस्ट्रीटमॅपचा आखूड दुवा. अक्षांश आणि रेखांशाचे द्विमान अंक एकाआड एक गुंफून त्यांचे ६४ चिन्हांच्या वर्णमालेत गट करतात. आमच्या बिंदूचा दुवा असा वाचावा लागतो: लहान वाय, लहान झेड, मोठा एच, लहान डी, लहान एस, मोठा डी, मोठा एफ, शून्य, लहान ओ. नऊच चिन्हं, पण शेवटी शून्य आणि ओ शेजारी-शेजारी, आणि लहान-मोठ्या अक्षराची गल्लत झाली की बिंदू उडाला. काही झूम पातळ्यांना शेवटी एक किंवा दोन आडव्या रेघा येतात. संदेशात त्या गळल्या की झूम बदलतो. वर, खुणेचं ‘एम’ जोडलं नाही तर टाचणी उमटत नाही, नुसता नकाशाचा मध्य दिसतो. बोटाने दाबायला हा दुवा उत्तम. तोंडाने सांगायला अजिबात नाही.

भू-दुवा, म्हणजे ‘जिओ’, अपूर्णविराम आणि पुढे सरळ अक्षांश-रेखांश. २०१० चं प्रमाण आहे, अगदी स्वच्छ. पण पथकाच्या गटात तो निळा होऊन दाबता येत नव्हता, आणि बारा आकडे फोनवर सांगताना दोनदा चूक झाली.

डिजिपिन. टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रासोबत बांधलेली, २७ मे २०२५ ला सुरू झालेली पद्धत. भारताभोवती ३६ अंशांचा चौरस धरायचा, त्याचे ४ गुणिले ४ असे सोळा भाग, आणि असं दहा वेळा. शेवटचा चौकोन सुमारे ३.८ मीटरचा. आमचा बिंदू: ४ के २ – ८ एफ ९ – ८ जे ३ ८. चिन्हं सोळाच, लहान-मोठ्याची भानगड नाही, तीन-तीन-चार असे गट तोंडात बसतात. गणित उघडं आहे. अडचण एकच: त्या वेळी पथकाच्या फोनांवरच्या नकाशांत शोधपेटीत डिजिपिन टाकून काही उघडत नव्हतं, आधी संकेतस्थळावर जावं लागत होतं.

प्लस कोड. गूगलच्या झुरिक कार्यालयातल्या अभियंत्यांनी २०१४ मध्ये खुला केलेला. वीस चिन्हं: २ ते ९ हे आकडे आणि सी, एफ, जी, एच, जे, एम, पी, क्यू, आर, व्ही, डब्ल्यू, एक्स. शून्य, एक, ओ, आय, एल मुद्दाम वगळलेले. स्वर नाहीत, म्हणजे चुकून कुठला शब्द बनत नाही. आमचा बिंदू: ७ जे ७ पी सी ३ पी सी, अधिक, पी जी.

याचं गणित कागदावर करता येतं आणि पथकातल्या दोघांनी ते करून पाहिलं. अक्षांशात ९० मिळवा, रेखांशात १८०. येतात १०५.४३६८ आणि २५४.०७१३. दोन्हींना आधी २० ने भागा: ५ आणि १२. शून्यापासून मोजलं तर चिन्हांच्या रांगेत पाचवं ७ आणि बारावं जे. उरले ५ अंश आणि १४ अंश, म्हणजे ७ आणि पी. उरलेल्या अपूर्णांकाला एक विसांश अंशाने भागा, मग त्याच्या विसाव्या भागाने, मग पुन्हा विसाव्या. दहा चिन्हांना चौकोन एक अष्टसहस्रांश अंशाचा होतो. गोव्याच्या अक्षांशावर तो उत्तर-दक्षिण सुमारे १३.८ मीटर आणि पूर्व-पश्चिम १३.४ मीटर भरतो. एक घर आणि त्याचं अंगण. अकरावं चिन्ह जोडलं तर चौकोन तीन मीटरच्या आसपास येतो.

तीन शब्दांत जागा सांगणारी खाजगी सेवाही कोणीतरी सुचवली. मराठीत आहे, शब्द लक्षात राहतात. पण तिचं गणित कंपनीच्या मालकीचं, आणि ऐकायला जवळचे शब्द दूरच्या जागा दाखवू शकतात. ती लवकरच बाजूला पडली.

निवड प्लस कोडवर आली. कारण साधं: सगळ्यांच्या फोनमधल्या गूगल मॅप्समध्ये तो थेट चालतो, आणि ओस्मअँडसारख्या रेंजविना चालणाऱ्या नकाशातही चालतो. डिजिपिन त्याच अक्षांश-रेखांशावरून काढून यादीत दुसऱ्या रकान्यात ठेवला. पुढे टपाल किंवा इतर खात्यांनी मागितला तर पुन्हा घरोघर हिंडायला नको.

निर्णायक वळण: कोड कशाचा?

इथवर सगळी चर्चा अक्षरांची होती. थोरल्या परिचारिकेने विचारलं, ‘कोड घराचा घेणार, की गाडी थांबते त्या जागेचा?’

या प्रश्नाने काम बदललं. कुळागरातल्या घराचा अचूक बिंदू दिला की नकाशा गाडीला त्या बिंदूच्या सर्वांत जवळच्या रस्त्यावर आणतो. तो रस्ता व्हाळाच्या पलीकडचा, कुंपणामागचा किंवा डोंगराच्या वरच्या अंगाचा असू शकतो. तीन मीटरचा चौकोन तिथे काही कामाचा नाही. उलट, अचूकपणामुळे चालकाला जास्तच विश्वास वाटतो. ऑक्सिजनचं जड यंत्र चुकीच्या काठावर उतरवलं की मग उचलून साकवापर्यंत नेणं आलं.

म्हणून प्रत्येक घराला दोन कोड ठरले. एक चाकाचा: गाडी जिथे वळवता आणि उभी करता येते ती जागा. एक दाराचा. आणि त्या दोघांमध्ये माणसाच्या भाषेतलं एक वाक्य: ‘घुमटीपासून उजवीकडची पाणंद, साकव ओलांडून चढणीवरचं दुसरं कौलारू घर, कुत्रा बांधलेला असतो.’ ४६ पैकी २९ घरांत दोन्ही कोड एकाच किंवा लागून असलेल्या चौकोनात आले. उरलेल्या १७ घरांत वेगळे निघाले, आणि चुकलेल्या फेऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्या त्या १७ मधल्याच होत्या.

दुसरा निर्णय: कोड जागेवर उभं राहूनच घ्यायचा, आणि तो पथकाच्या माणसानेच. नातेवाइकांनी पाठवलेलं लोकेशन फक्त पहिल्या भेटीला, तेही ‘आत्ता तुम्ही घरीच उभे आहात ना?’ असं फोनवर विचारून.

काय केलं

कोड घेण्याची रीत अशी बसवली. चाकाच्या जागेवर उघड्यावर उभं राहायचं, नकाशा उघडून निळा ठिपका स्थिर होईपर्यंत निदान एक मिनिट थांबायचं. ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ मोठं असेल तर फोन अजून चाचपडतोय. सुपारीच्या आणि माडाच्या गर्द छायेत, जांभ्याच्या भिंतीला लागून, किंवा ओल्या पावसाळी पानांखाली ठिपका वीस-तीस मीटर सहज सरकतो. अशा वेळी ठिपक्यावर विसंबायचं नाही. उपग्रहचित्र चालू करून घराचं छप्पर ओळखायचं, त्यावर बोट दाबून धरायचं, टाचणी रोवायची आणि तिच्या माहितीच्या पट्टीत खाली दिसणारा कोड घ्यायचा. छप्परही झाडीत दिसत नसेल तर जवळच्या मोकळ्या जागेचा बिंदू घेऊन वाक्यात तसं लिहायचं.

यादीत घरागणिक एक ओळ: रुग्णाचा क्रमांक, चाकाचा पूर्ण कोड, दाराचा पूर्ण कोड, अक्षांश-रेखांश, वाटेचं वाक्य, कोणी घेतला, तारीख. नाव नाही, आजार नाही. ही यादी दोघी परिचारिकांकडेच. गटात जातो तो फक्त क्रमांक आणि चाकाचा दुवा. यामागे एक विचार होता जो सहज सुटतो: सर्व्हरच्या तक्त्यावरचा दुवा मागे घेता येतो, गणिताचा कोड मागे घेता येत नाही. एकदा नावासकट फिरला की फिरला. घरच्यांची संमतीही नोंदीच्या फॉर्मवरच घेतली, आणि दोन कुटुंबांनी दाराचा कोड द्यायला नकार दिला. त्यांचा फक्त चाकाचा कोड ठेवला. ते त्यांच्या हक्कातच होतं.

पडताळणी मात्र अशा माणसाकडून, ज्याने ते घर कधी पाहिलेलं नाही. कोड आणि वाक्य एवढंच हातात द्यायचं. वाटेत फोन करावा लागला तर ती नोंद नापास.

फोनवर सांगण्यासाठी शब्दही ठरवले. प्लस कोडच्या चिन्हांत डोळ्यांची फसगत होत नाही, पण कानांची होते: सी, जी, पी, व्ही हे चारही ‘ई’वर संपतात, आणि खराब रेंजमध्ये चारही एकच. म्हणून सी काणकोणचा, जी गोव्याचा, पी पणजीचा, व्ही वाळपईचा, एम म्हापशाचा, एफ फर्मागुडीचा, क्यू केप्याचा आणि एक्स शेल्ड्याचा. रस्त्यावरच्या रोमन पाट्या रोज वाचणाऱ्याला यातलं काही समजावावं लागलं नाही. फक्त एक सक्त सूचना द्यावी लागली: पी म्हणजे फोंडा असं कोणी म्हणायचं नाही, पाटी काहीही म्हणो. ऐकणारा एफ लिहितो.

शेवटी दारामागे लावायचं कार्ड. वर वाटेचं वाक्य, मग तालुक्यासह गावाचं नाव, मग पूर्ण कोड मोठ्या रोमन अक्षरांत, आणि त्याखाली त्याचा उच्चार देवनागरीत. घरातली आजी रोमन वाचत नसली तरी ‘सात, जेवणाचा जे, सात, पणजीचा पी’ एवढं फोनवर वाचू शकते. १०८ ला फोन करतानाही आधी वाक्य आणि तालुका सांगायचा, कोड विचारला तर द्यायचा, असं घरच्यांना शिकवलं.

काय बिघडलं

तीन गोष्टी, तिन्ही शिकण्यासारख्या.

पहिली, अधिक चिन्हाची. स्प्रेडशीटमध्ये सूत्राने दुवे तयार केले होते, गूगल मॅप्सच्या शोध-दुव्यात कोड चिकटवून. वेबच्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर आलेलं अधिक चिन्ह म्हणजे रिकामी जागा असा जुना संकेत आहे. त्यामुळे ‘सी ३ पी सी अधिक पी जी’चं ‘सी ३ पी सी पी जी’ झालं, मध्ये फट, आणि नकाशा कुठल्यातरी दुकानाच्या नावासारखं काहीतरी शोधत बसला. उपाय: सूत्रात अधिकच्या जागी टक्क्याचं चिन्ह, २ आणि बी हे तिघं घालायचे, किंवा कोड प्रश्नचिन्हाच्या मागे न ठेवता प्लस डॉट कोड्स या पत्त्यानंतर तिरकी रेघ देऊन थेट लिहायचा. दुसरा मार्ग डोळ्यांना वाचताही येतो, म्हणून तोच ठेवला.

दुसरी चूक जास्त गंभीर. नकाशा कोड दाखवताना पहिली चार चिन्हं गाळून पुढे गावाचं नाव लावतो. ते बघून कोणीतरी यादीतही सगळ्या कोडांची पहिली चार चिन्हं सूत्राने कापली आणि शेवटी सरसकट ‘पणजी, गोवा’ जोडलं. ४५ घरांना काही झालं नाही. एक रुग्ण त्या महिन्यात मुलीकडे लोलयेला राहायला गेला होता, काणकोणच्या दक्षिण टोकाला. त्याचा दुवा उघडला तर टाचणी सिंधुदुर्गात, आंबोलीच्या घाटमाथ्याकडे.

कारण गणितातच आहे. आखूड कोड सोडवताना फोन संदर्भ-गावाच्या सर्वांत जवळची जुळणारी जागा निवडतो, आणि चार चिन्हं गाळलेल्या कोडच्या जुळणाऱ्या जागा दर एक अंशावर येतात. पणजी १५.५ अंशाच्या आसपास. लोलये १५ अंशाच्या खाली, म्हणजे पणजीपासून अर्ध्या अंशाहून जास्त दूर. त्यामुळे बरोबर एक अंश उत्तरेची, सुमारे १११ किलोमीटरवरची जागा पणजीला जास्त जवळची ठरली. कोड काढणारं खरं सॉफ्टवेअर इतक्या दूरच्या संदर्भाने कोड आखूड करतच नाही, नकार देतं. सूत्राला ते कुठून कळणार? चालकाने निघण्याआधी नकाशावर बांद्याकडे जाणारा रस्ता पाहिला आणि थांबला, म्हणून चुकीची फेरी टळली. त्या दिवसापासून यादीत, कार्डावर आणि दुव्यात सगळीकडे पूर्ण कोड. चार चिन्हं वाचवून काही मिळत नाही.

तिसरी गोष्ट बिघाड म्हणण्यासारखी नाही, गोंधळ म्हणता येईल. यादी कोडप्रमाणे लावली की जवळची घरं जवळ येतात, कारण सुरुवातीची चिन्हं सारखी असतात. पहिली सहा सारखी म्हणजे साडेपाच किलोमीटरच्या चौकोनातली घरं, आठ सारखी म्हणजे पाव किलोमीटरहून थोड्या मोठ्या चौकोनातली. परिचारिका त्यावरून दिवसाची फेरी आखू लागल्या. पण ७४ अंशांचं रेखावृत्त फोंडा शहराच्या जरा पश्चिमेकडून जातं. त्यामुळे मंगेशी-म्हार्दोळकडची घरं ‘७ जे ७ एम’ आणि पुढे ‘सी एक्स’, तर फोंड्यातली ‘७ जे ७ पी’ आणि पुढे ‘सी २’. दहा मिनिटांच्या अंतरावरची घरं यादीत दोन टोकांना. काणकोणात तेच १५ अंशांच्या रेषेने होतं. सारखी सुरुवात म्हणजे जवळ, हे खरं. वेगळी सुरुवात म्हणजे दूर, हे खरं नाही. फेरी आखायला शेवटी नकाशावर सगळ्या टाचण्या एकत्र बघणंच सोपं ठरलं.

परिणाम

पाच आठवड्यांत ४६ पैकी ४१ घरं पडताळणीत पास झाली. आधी नव्या माणसाला नव्या घरी पोचायला वाटेत तीन-चार फोन लागत, आता बहुतेकदा एकही लागत नाही. व्हाळापलीकडच्या घरांच्या फेऱ्या चुकणं थांबलं. केरीच्या त्या घराला पुन्हा रात्री जावं लागलं, तेव्हा पहिल्यांदाच जाणारी स्वयंसेविका थेट गेटपर्यंत पोचली.

पाच घरं अडून राहिली. तीन गर्द कुळागरात, जिथे छप्परही दिसत नाही आणि फोनही स्थिर होत नाही. तिथे चाकाचा कोड पक्का आणि पुढे माणूस न्यायला येतो. दोन घरांच्या वाटेचा साकव पावसाने वाहून गेला. कोड बरोबर, वाट बदलली. कोड जुना होत नाही, वाटेचं वाक्य होतं. नोंदीला तारीख असण्याचं खरं कारण हे, आणि पथकाला ते उशिरा कळलं.

काय वेगळं करता आलं असतं

कार्डं घाईने छापली. पडताळणीच्या आधी सगळी लॅमिनेट करून झाली होती, आणि कोड आखूड केलेले असल्याने सगळीच रद्दीत गेली. दहा घरांवर महिनाभर कच्च्या कागदाने काम चालवून मग छापायला हवं होतं.

कुठला कोड, यावर तीन बैठका गेल्या. खरं तर गाडीची जागा कुठली हा प्रश्न पहिल्याच बैठकीत यायला हवा होता. प्लस कोडऐवजी डिजिपिन निवडला असता तरी चाकाचा आणि दाराचा फरक न करता तीच माणसं त्याच काठावर अडकली असती. अक्षांश-रेखांश जपून ठेवले असतील तर कोडाची पद्धत एका दुपारी बदलता येते. चुकीच्या जागी उभं राहून घेतलेला बिंदू दुरुस्त करायला पुन्हा त्या घरी जावं लागतं.

चालकांना सुरुवातीपासून सोबत घ्यायला हवं होतं. चाकाची जागा कुठली, वळायला किती जागा लागते, पावसात कुठल्या चढणीवर गाडी घसरते, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना विचारलं गेलं ते लोलयेच्या घटनेनंतर. फॉर्मवर आता सर्वांत वरची ओळ त्यांनी सुचवलेली आहे: ‘गाडी कुठे थांबते? तिथे उभं राहूनच घेतलं का? पाऊस पडत असताना पुन्हा पाहिलं का?’